दात्याच्या पेशी काय काय सोबत आणतात

इंग्लंडमधल्या हार्वेलच्या प्रयोगशाळेतले उंदीर आधी वाचत आणि मग मरत. काळ १९५० च्या दशकाच्या मध्याचा. हिरोशिमा-नागासाकीनंतर किरणोत्सर्गाच्या माऱ्यातून माणूस वाचवायचा कसा, या प्रश्नावर इंग्लंड-अमेरिकेत जोरात संशोधन चाललं होतं. शिकागोत लिऑन जेकबसनने १९४९ मध्ये दाखवलं होतं की उंदराची प्लीहा शिशाने झाकून ठेवली, तर एरवी जीव घेणारा क्ष-किरणांचा मारा तो सोसतो. दोन वर्षांनी इगॉन लॉरेंझने काहीही न झाकता, किरणांच्या माऱ्यानंतर दुसऱ्या प्राण्याची अस्थिमज्जा टोचली आणि तेच घडलं. मज्जेत असं काय आहे, यावर वाद सुरू झाला. अनेकांना वाटत होतं की एखादा रासायनिक पदार्थ असावा, शरीराच्या स्वतःच्या मज्जेला पुन्हा उभं करणारा. हार्वेलच्या चार्ल्स फोर्ड, जॉन लाउटिट, डेव्हिड बार्न्स आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये हा वाद मिटवला. त्यांनी दाता म्हणून असे उंदीर घेतले, ज्यांचं एक गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली सहज वेगळं ओळखू येई. वाचलेल्या उंदराच्या मज्जेत विभाजन होत असलेल्या पेशी पाहिल्या, तर त्यांत तेच गुणसूत्र. म्हणजे पदार्थ वगैरे काही नव्हतं. दात्याच्या पेशी स्वतः येऊन राहिल्या होत्या आणि आता उंदराचं रक्त त्याच तयार करत होत्या.

पण हे उंदीर काही आठवड्यांनी पुन्हा आजारी पडत. वजन घटे, जुलाब लागत, कातडी खराब होई, अंगावरचे केस विस्कटत, पाठ वाकून जाई, आणि बरेचसे मरत. किरणोत्सर्गाचा आजार पहिला, म्हणून याला ‘दुय्यम रोग’ म्हटलं गेलं. त्यातली एक बाब तेव्हाच स्पष्ट होती. दाता त्याच शुद्ध वाणाचा असला की हा दुय्यम रोग होत नसे. वाण बदलला की होई. मज्जा तीच, मात्रा तीच, टोचायची पद्धत तीच, फक्त दात्याचे आईबाप वेगळे. म्हणजे या आजाराचं मूळ आनुवंशिकतेत आहे, हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पुढची जवळजवळ सत्तर वर्षं गेली ती ‘आनुवंशिकतेत म्हणजे नेमकं कुठे’ हे शोधण्यात.

१९५६ मध्येच बार्न्स आणि लाउटिट यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर एक प्रयोग केला. मला तो या सगळ्या कथेचा खरा आरंभ वाटतो. किरणांनी उंदरांची मज्जा मारली आणि मग नवी मज्जा दिली. ज्यांना आपल्याच वाणाची मज्जा मिळाली, त्यांचा ल्युकेमिया परतला. ज्यांना परक्या वाणाची मिळाली, ते झिजून मेले, पण त्यांच्यात ल्युकेमिया परतलेला दिसला नाही. परकी मज्जा कर्करोगाच्या पेशींनाही मारत असावी, असा अंदाज या दोघांनी तेव्हाच मांडला. मारणाऱ्या आणि तारणाऱ्या पेशी एकच आहेत, ही अडचण तिथेच पुढ्यात आली. आजही रोपणाच्या वॉर्डात डॉक्टर तिच्याशीच झगडत असतात.

दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात, या आजाराला आज जीव्हीएचडी म्हणतात. त्वचा, यकृत आणि आतडी हे त्याचे पहिले बळी. त्वचेवर चट्टे उठतात, कावीळ होते, जुलाब थांबत नाहीत. दीर्घकालीन प्रकारात डोळे आणि तोंड कोरडे पडतात, त्वचा ताठर होते, फुप्फुसं आकसतात. रूपर्ट बिलिंगहॅमने १९६६ मध्ये त्याच्या तीन अटी सांगितल्या. आलेल्या पेशींत प्रतिकार करू शकणाऱ्या पेशी हव्यात. रुग्णाच्या शरीरात दात्याकडे नसलेलं काहीतरी हवं. आणि रुग्णाचं शरीर त्या पेशींना हाकलून देण्याइतकं सबळ नसावं. दुसरी अट पुन्हा वाचावी अशी आहे. रुग्णाकडे आहे आणि दात्याकडे नाही. सगळा मागोवा या एका वाक्यात दडलेला आहे, कारण दात्याकडे काय नाही हे मोजायची साधनं तेव्हा कुणाकडेच नव्हती.

माणसांवरचे पहिले प्रयत्न त्या साधनांशिवायच झाले. अमेरिकेतल्या कूपर्सटाउनच्या रुग्णालयात डॉनल थॉमसने १९५७ मध्ये रुग्णांना शिरेतून मज्जा दिल्याचा पहिला वृत्तान्त छापला. ती मज्जा टिकली नाही. १९५९ मध्ये ल्युकेमियाच्या दोन रुग्णांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांची मज्जा दिली. ती रुजली, उलटलीही नाही, पण काही महिन्यांत ल्युकेमिया परतला. हार्वेलच्या उंदरांची गोष्ट माणसात तशीच्या तशी घडली होती. १९५८ च्या ऑक्टोबरात युगोस्लाव्हियातल्या विंचा अणुभट्टीत अपघात झाला आणि किरणोत्सर्गाचा मारा झालेल्या सहा जणांना पॅरिसला आणलं गेलं. जॉर्ज माते यांनी त्यांतल्या पाच जणांना अनोळखी फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. पाच वर्षांनी मातेंनीच ल्युकेमियाच्या एका रुग्णाला अनेक नातेवाइकांची मज्जा एकत्र दिली, ज्याची रुजेल त्याची रुजो म्हणून. एकाची रुजली. ल्युकेमिया हटला. पुढे काही काळ तो रुग्ण जगला, पण उलटलेल्या पेशींच्या आजाराने त्याला सोडलं नाही. १९७० मध्ये मॉर्टिमर बॉर्टिनने तोवर छापून आलेल्या सगळ्या रोपणांची मोजदाद केली. २०३ रुग्ण होते. दीर्घकाळ जगलेले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच. बहुतेक डॉक्टरांनी तोपर्यंत हा नाद सोडला होता. थॉमसने सोडला नाही. तो सिएटलला गेला आणि कुत्र्यांवर काम करत राहिला.

दात्याकडे काय नाही, हे मोजायचं पहिलं साधन बायकांच्या रक्तातून आलं. १९५८ मध्ये तीन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी शोध लागले. पॅरिसमध्ये झाँ दोसे वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णांचं सीरम तपासत होते. ते इतर माणसांच्या पांढऱ्या पेशींना चिकटे, पण सगळ्यांच्या नव्हे. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये यॉन फान रूड यांना आणि स्टॅनफर्डमध्ये रोज पेन यांना तसंच सीरम मिळालं ते अनेक बाळंतपणं झालेल्या स्त्रियांकडून. पोटातल्या बाळाचे निम्मे गुण बापाचे असतात. आईच्या शरीराला ते परके. नऊ महिन्यांत बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात, आणि आईची प्रतिकारयंत्रणा त्यांची नोंद ठेवते, प्रतिपिंडांच्या रूपात. त्या नोंदीच्या आधारे माणसांच्या पांढऱ्या पेशींची वर्गवारी करता आली. सहाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकांच्या गटाला पुढे एचएलए नाव पडलं, आणि दोसेंना १९८० मध्ये नोबेल मिळालं. आयांचं हे ऋण या इतिहासात फार त्रोटक नोंदलं जातं. बाळंत झालेल्या हजारो स्त्रियांनी दिलेल्या थोड्या थोड्या रक्तावर ऊती जुळवणीचं शास्त्र उभं राहिलं. त्या रक्ताकडे आपण पुन्हा येणार आहोत.

एचएलएचा हा गट आईकडून एक आणि बापाकडून एक असा अख्खा मिळतो. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. रुग्णाची दोन भावंडं असतील, तर त्यांतलं किमान एक जुळण्याची शक्यता ४४ टक्के. एकच असेल, तर २५. पूर्वीच्या पाच-सात भावंडांच्या घरात ही अडचण बरीच कमी आली असती. आजच्या ‘हम दो, हमारा एक’ घरात ती रोजची आहे. सिएटलच्या कुत्र्यांत जुळणाऱ्या भावंडांची मज्जा टिकते, हे १९६८ मध्ये दिसलं. त्याच वर्षी मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली आणि तो जगला. लंडनमध्ये शर्ली नोलन यांना मुलासाठी घरात दाता मिळाला नाही, म्हणून १९७४ मध्ये त्यांनी अनोळखी दात्यांची नोंदवही सुरू केली. जगातली ही पहिलीच. त्यांचा मुलगा अँथनी दाता न मिळताच १९७९ मध्ये गेला. आज जगभरच्या नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक दाते आहेत. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी मार्च १९८३ मध्ये ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला सख्ख्या भावंडाची मज्जा दिली. भारतातलं हे पहिलं यशस्वी रोपण. अडवाणी हे तंत्र सिएटलला थॉमसच्या संस्थेत शिकून आले होते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मॅच झालं, म्हणजे झालं. पण थॉमसने १९७७ मध्ये आपल्या शंभर रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा दीर्घकाळ जगलेले १३ होते. प्रत्येकाला जुळणाऱ्या भावंडाचीच मज्जा मिळाली होती. कुणी संसर्गाने गेलं, कुणाचा ल्युकेमिया परतला, आणि बऱ्याच जणांना एचएलए पूर्ण जुळूनही जीव्हीएचडी झाला होता. सख्खा भाऊ, सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलएचा गट सारखा, आणि तरीही त्याच्या पेशी उलटतात. म्हणजे रुग्णाकडे असलेलं आणि दात्याकडे नसलेलं ‘काहीतरी’ एचएलएच्या बाहेरही होतं.

ते पहिल्यांदा दिसलं लायडनमध्येच. एका स्त्रीला रक्त न बनण्याचा आजार होता. तिला जुळणाऱ्या भावाची मज्जा दिली. ती रुजली नाही. एल्स गुल्मी या तरुण संशोधिकेने तिच्या रक्तातल्या पेशी तपासल्या आणि १९७६ मध्ये निष्कर्ष छापला. त्या पेशी पुरुषांच्या पेशी मारत होत्या. स्त्रियांच्या नाही. आणि पुरुषांतही फक्त ज्यांचा एचएलए-ए२ हा प्रकार होता, त्यांच्याच. एचएलए ही नुसती ओळखपट्टी नाही, हे तोवर ऑस्ट्रेलियात पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी उंदरांवर दाखवलं होतं. पेशीच्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए पेशीच्या पृष्ठभागावर मांडून ठेवतं, आणि प्रतिकारयंत्रणेतली टी-पेशी ते तुकडे पाहून आपलं-परकं ठरवते. पुरुषाच्या पेशीत वाय गुणसूत्राची प्रथिनं असतात. ती स्त्रीच्या टी-पेशीला नवीन. सख्ख्या भाऊबहिणीतला हा फरक कुठल्याही मॅचमध्ये भरून निघत नाही.

आता ते आयांचं रक्त. बहिणीने भावाला मज्जा दिली तर जीव्हीएचडीचा धोका वाढतो, हे अनेक केंद्रांत दिसत होतं. २००१ मध्ये अमेरिकी नोंदवहीतल्या ६,९७८ रोपणांचा अभ्यास छापून आला. त्यात दोन गोष्टी ठळक होत्या. दात्याचं वय वाढलं की रुग्णाचं आयुर्मान घटत होतं. आणि बाळंतपणं झालेल्या स्त्रीच्या मज्जेमुळे दीर्घकालीन जीव्हीएचडी जास्त होत होता. ज्या अनुभवाने फान रूड आणि पेन यांना जुळवणीचं साधन दिलं, तोच अनुभव दात्री म्हणून आलेल्या स्त्रीच्या पेशींबरोबर रुग्णाच्या शरीरात शिरत होता. मुलगा पोटात वाढवलेल्या आईच्या टी-पेशींपैकी काहींनी वाय गुणसूत्राचे तुकडे आधीच पाहिलेले असतात. परक्या पुरुषाच्या शरीरात गेल्या की त्या ते ओळखतात. मला या शोधाचं फार महत्त्व वाटतं. तोपर्यंत दाता म्हणजे जनुकांची एक यादी, रुग्णाच्या यादीशी ताडून पाहायची, एवढंच होतं. इथे ठळकपणे कळलं की दाता आपलं जगून झालेलं आयुष्यही सोबत आणतो.

वाय गुणसूत्राखेरीज बाकीचे फरक शोधायला गुल्मींना १९७६ नंतर वीस वर्षं लागली. १९९६ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की एचए-१ नावाचा फरक असलेल्या प्रौढ भावंडांत जीव्हीएचडी जास्त होतो. दोन वर्षांनी तो फरक नेमका सापडला. एका प्रथिनात एकच अमिनो आम्ल वेगळं, हिस्टिडीनच्या जागी आर्जिनीन. एवढ्याने एखाद्याची त्वचा सोलवटून निघू शकते, हे वाचून थांबायला होतं. मात्र एचए-१ मुख्यतः रक्ताच्या पेशींतच असतं, त्यामुळे त्याच्यावर नेमका हल्ला करणाऱ्या टी-पेशी ल्युकेमियाविरुद्ध वापरता येतील, अशी आशाही तिथूनच सुरू झाली.

आणि मग २००९ मध्ये बिलिंगहॅमची दुसरी अट अक्षरशः सापडली. काही माणसांत काही जनुकं मुळातच नसतात. आईकडूनही नाही, बापाकडूनही नाही. जनुक नाही, म्हणून प्रथिन नाही, म्हणून त्या माणसाच्या प्रतिकारयंत्रणेने ते प्रथिन आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. स्टीव्हन मॅकॅरोल आणि सहकाऱ्यांनी एचएलए जुळलेल्या १,३४५ भावंडांच्या जोड्या घेतल्या आणि लोकसंख्येत सर्रास गहाळ असणारी जनुकं तपासली. दात्यात ‘यूजीटी२बी१७’ हे जनुक नसेल आणि रुग्णात असेल, तर तीव्र जीव्हीएचडीचा धोका साधारण अडीच पट दिसला. हे जनुक टेस्टोस्टेरॉनसारखे संप्रेरक शरीराबाहेर काढायला मदत करणारं विकर बनवतं, आणि जीव्हीएचडी ज्या अवयवांना धरतो त्यांत ते सक्रिय असतं. हेच जनुक नसलेल्या खेळाडूंच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन कमी उतरतं, त्यामुळे उत्तेजक चाचण्यांचे निकाल चुकू शकतात. ज्याच्यात हे जनुक नाही, तो माणूस पूर्ण निरोगी असतो. त्याला आयुष्यभर कळतही नाही. पूर्व आशियातल्या लोकांत ते नसणं अगदी नेहमीचं, युरोपीय लोकांत त्या मानाने कमी. म्हणजे एकाच नियमाचं वजन वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळं पडतं. जातीतल्या जातीत लग्नं होत आलेल्या आपल्या देशात प्रत्येक समाजाची जनुकीय घडण वेगळी आहे. युरोपीय भावंडांवर काढलेले आकडे सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या कुटुंबाला जसेच्या तसे लावू नयेत.

२००० नंतरच्या दशकात अशा शोधांचा पूरच आला. आतड्यातले जिवाणू ओळखणारं एनओडी२, दाह वाढवणारी-कमी करणारी सायटोकाइन्सची जनुकं, अशी कितीतरी नावं दात्याच्या आणि रुग्णाच्या बाजूने पुढे आली. मोठ्या गटांत पडताळून पाहिल्यावर त्यांतली बहुतेक टिकली नाहीत. छोटे गट, वेगवेगळी औषधं, वेगवेगळ्या वंशांची माणसं, आणि एकाच वेळी शेकडो जनुकं तपासायची घाई, ही त्याची कारणं. या भागावर मी जास्त थांबत नाही.

थांबायला हवं ते इटलीतल्या पेरुजियात. आंद्रेआ वेलार्दी आणि लोरेदाना रुज्जेरी यांच्या गटाने २००२ मध्ये टी-पेशींऐवजी एनके, म्हणजे ‘नैसर्गिक मारेकरी’, पेशींकडे लक्ष वेधलं. या पेशींवरचे केआयआर नावाचे ग्राहक रुग्णाच्या पेशींवर ओळखीचं एचएलए शोधतात. ते सापडलं नाही की एनके पेशी मारायला मोकळी होते. एका विशिष्ट प्रकारच्या ल्युकेमियात अशा मोकळ्या एनके पेशींचे दाते असलेल्या रुग्णांचा आजार कमी वेळा परतला, आणि जीव्हीएचडीही वाढला नाही. केआयआरची जनुकं १९ व्या गुणसूत्रावर असतात, एचएलएची सहाव्यावर. दोन्ही स्वतंत्रपणे वारशाने येतात. म्हणून एचएलए पूर्ण जुळणाऱ्या दोन बहिणी दाता म्हणून सारख्या असतीलच असं नाही. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम सगळीकडे सारखा दिसला नाही, पण निवडीचा प्रश्न मात्र कायमचा बदलला. जुळतो का, एवढंच विचारून आता भागत नव्हतं. जुळणाऱ्यांतला कोणता, हे विचारावं लागत होतं. आणि फार जुळणंही नेहमी चांगलं नसतं, हे मेरी होरोविट्झ यांनी १९९० मध्येच २,२५४ रुग्णांच्या अभ्यासात दाखवलं होतं. एकसारख्या जुळ्याची मज्जा मिळालेल्यांत जीव्हीएचडी नाही, पण ल्युकेमिया परतण्याचं प्रमाण जास्त. हार्वेलच्या उंदरांनी सांगितलेलं आता माणसांच्या आकड्यांत आलं होतं.

गेल्या काही वर्षांत एक साधी गोष्ट या सगळ्या हिशेबावर मात करून गेली आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लिओ लुझ्निक, एफ्रेम फ्युक्स आणि सहकाऱ्यांनी रोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनं, स्वस्त औषध द्यायला सुरुवात केली. परकं पाहून सर्वांत आधी चवताळलेल्या टी-पेशी त्या दिवसांत भराभर वाढत असतात, आणि औषध नेमकं त्यांना मारतं. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी मात्र वाचतात. यामुळे अर्धं जुळणारं नातंही चालू लागलं. आईबाप, मुलं, निम्मा मॅच असलेली भावंडं. भारतात याचं मोल मोठं आहे. आपल्या नोंदवह्यांत दाते काही लाखच आहेत, आणि परदेशातून अनोळखी दात्याच्या पेशी आणायचा खर्च मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर असतो.

पण औषधाने उत्तर दिलं तिथेच नवा प्रश्न उभा राहिला. घरात ६० वर्षांचा पूर्ण जुळणारा भाऊ आहे आणि २५ वर्षांचा अर्धा जुळणारा मुलगा. दाता म्हणून घ्यायचं कुणाला? म्हाताऱ्या दात्याचा तोटा काय, याचा एक धागा आता हाती आलाय. वय वाढतं तसे मज्जेतल्या मूळपेशींत काही बदल जन्मानंतर होत जातात. डीएनएमटी३ए हे जनुक त्यांत सर्वांत पुढे. बदललेली एखादी पेशी इतरांपेक्षा जास्त पिल्लावते आणि रक्ताचा मोठा वाटा तिच्या वंशाचा होतो. माणूस धडधाकट असतो. २०१९ मध्ये जर्मनीतून छापून आलेल्या अभ्यासात ५५ वर्षांवरच्या ५०० दात्यांपैकी १६ टक्क्यांत असे बदल सापडले, आणि त्यांच्या रुग्णांत दीर्घकालीन जीव्हीएचडी जास्त होता. ल्युकेमिया परतणं मात्र कमी. इथे दात्याची आनुवंशिकता आईबापांकडून आलेली नाही. ती त्याच्याच शरीरात साठ वर्षांत घडली आहे.

दात्याच्या रक्तातले हे बदल शोधणारी चाचणी अजून बहुतेक केंद्रांत रोजची झालेली नाही. तिची किंमत उतरते आहे, आणि लवकरच ती होईल. तेव्हा भावासाठी रक्त द्यायला आलेल्या माणसाला कळेल की त्याच्या स्वतःच्या मज्जेत एक बदल आहे, ज्यामुळे पुढे रक्ताच्या कर्करोगाची आणि हृदयविकाराचीही शक्यता थोडी वाढते. त्यावर आज खात्रीचा उपाय नाही. तो आला असतो भावाला वाचवायला. माझं ठाम मत आहे की नळीत रक्त घेण्याआधी, भाऊ आयसीयूत आणि घरचे दाराशी उभे असताना नव्हे, तर स्वतंत्र बसवून त्याला हे सांगितलं पाहिजे. निकाल कळवायचा की नाही, हे त्याला ठरवू द्यावं, आणि निकाल कळला तर त्याच्या स्वतःच्या तपासण्यांची जबाबदारी त्या केंद्राने घ्यावी. दात्यासाठी वेगळा डॉक्टर असावा, रुग्णाचा नव्हे, ही पद्धत नोंदवह्यांतल्या अनोळखी दात्यांना लागू आहे. घरच्या दात्यांच्या बाबतीत ती अनेकदा पाळली जात नाही, आणि भारतात दात्याच्या पेशींची बहुतेक रोपणं घरच्या दात्यांकडूनच होतात.